विली नेल्सनचे दोन ‘लास्ट’: एक लिहिणाऱ्याचा, एक गाणाऱ्याचा

‘लास्ट मॅन स्टँडिंग’ आणि ‘लास्ट लीफ ऑन द ट्री’. दोन्ही अल्बम अमेरिकन कंट्री गायक-गीतकार विली नेल्सनचे, दोन्ही उतारवयातले, दोन्ही लेगसी रेकॉर्डिंग्जने काढलेले. दोन्हींच्या शीर्षकगीतांतली गोष्टही वरवर एकच: बाकीचे गेले, मी अजून आहे. त्यामुळे कंट्री संगीत अधूनमधून ऐकणाऱ्याने एकाच्या नावाखाली दुसऱ्याचं कौतुक केलं तर नवल नाही. मी ते होताना पाहिलंय, आणि दर वेळी मध्ये तोंड घालायचा मोह आवरलेला नाही.

आधी तारखा. ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ २७ एप्रिल २०१८ रोजी आला, विलीच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. ‘लास्ट लीफ ऑन द ट्री’ १ नोव्हेंबर २०२४ला आला, तेव्हा तो एक्क्याण्णव वर्षांचा होता. पण या दोन अल्बममधला खरा फरक वयाचा नाही. पहिल्यातली अकराच्या अकरा गाणी विली आणि त्याचा प्रोड्युसर बडी कॅनन यांनी मिळून लिहिली आहेत. दुसऱ्यातल्या तेरांपैकी दहा गाणी बाहेरच्यांची आहेत: टॉम वेट्स, नील यंग, बेक, नीना सिमोन, कीथ रिचर्ड्स, वॉरन झीव्हन वगैरे. पहिला अल्बम लिहिणाऱ्या विलीचा, दुसरा गाणाऱ्या विलीचा.

हे दोन विली पहिल्यापासूनच वेगवेगळे आहेत. टेक्ससमधल्या ॲबट या छोट्या गावात १९३३ साली जन्मलेला हा माणूस १९६० साली कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला पोचला आणि गीतकार म्हणून लगेच चालला. पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ त्याचं, फॅरन यंगचं ‘हॅलो वॉल्स’ त्याचं, दोन्ही १९६१ची. गायक म्हणून मात्र तो नॅशव्हिलला पचत नव्हता. तो ठेक्यावर गात नाही. ओळ उशिरा उचलतो, बोलल्यासारखी मध्येच सोडतो, मग पुढच्या दोन शब्दांत घाईघाईने गाठून देतो. त्या काळच्या गुळगुळीत व्हायोलिनांच्या साथीत असा गळा बसणं कठीणच होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो नॅशव्हिल सोडून ऑस्टिनला गेला. तिथे केस वाढले आणि श्रोतेही. १९७५ साली ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ आला. त्यातली वाद्यं इतकी कमी होती, की कोलंबिया कंपनीतल्या लोकांना ते कच्चं रेकॉर्डिंग वाटलं.

गाणारा विली जगाला खरा कळला तो १९७८च्या ‘स्टारडस्ट’मुळे. बुकर टी. जोन्स प्रोड्युसर, आणि गाणी सगळी जुनी, अमेरिकन घराघरांत पाठ असलेली, विलीच्या पिढीने लहानपणी रेडिओवर ऐकलेली. स्वतः इतकी चांगली गाणी लिहिणाऱ्याने दुसऱ्यांची का गावीत, हा प्रश्न कंपनीलाही पडला होता. तो अल्बम बिलबोर्डच्या कंट्री यादीत सुमारे दहा वर्षं ठाण मांडून बसला.

आकाशवाणीवर भावगीत लागण्याआधी गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलंय कुणी हे तिन्ही सांगतात. आपल्याला ही वाटणी सवयीची आहे. त्या कानांनी ऐकलं तर ‘लास्ट लीफ’ हा ‘स्टारडस्ट’चा वंशज वाटतो, आणि ‘लास्ट मॅन’चं मूळ थेट १९६१च्या गीतकारापर्यंत जातं.

आता ‘लास्ट मॅन स्टँडिंग’कडे नीट पाहू. बडी कॅनन हा नॅशव्हिलचा मुरलेला प्रोड्युसर, विलीबरोबर २००८च्या ‘मोमेंट ऑफ फॉरेव्हर’पासून. दोघांची गीतं लिहायची पद्धत गमतीची आहे. एकाने फोनवरून दोन ओळी टेक्स्ट करायच्या, दुसऱ्याने पुढच्या दोन पाठवायच्या. या अल्बमचा स्वभाव त्या पद्धतीतच आला असावा असं मला वाटतं. ओळी छोट्या, टोकदार, एकमेकांना टाळी देणाऱ्या. शीर्षकगीतात विली म्हणतो की आपल्याला शेवटचा उरलेला व्हायचं नाही, आणि लगेच पुढच्या श्वासात फेरविचार करतो: थांबा, कदाचित व्हायचंही असेल. मग तो गेलेल्यांची नावं घेतो. वेलन जेनिंग्ज २००२ साली गेला, रे प्राइस २०१३ला, मर्ल हॅगार्ड २०१६ला, गीतकार-प्रोड्युसर नॉरो विल्सन २०१७ला. ही सगळी त्याची माणसं होती: वेलन आणि मर्लबरोबर त्याने अल्बम केले, रे प्राइसच्या बँडमध्ये तो तरुणपणी बास वाजवायचा. इतकी नावं एका गाण्यात आली की रडगाणं होणार असं वाटतं, पण ठेका उड्या मारत असतो.

मरणाची थट्टा हा या अल्बमचा मुख्य धंदा. ‘बॅड ब्रेथ’मध्ये तोंडाला वास येणं हे श्वासच न येण्यापेक्षा बरं, असा हिशेब आहे. ‘हेवन इज क्लोज्ड’मध्ये स्वर्गाचं दार बंद, नरकात गर्दी, तेव्हा आहे तिथेच राहावं म्हणतो. आणि या सगळ्या टवाळीच्या मधोमध ‘समथिंग यू गेट थ्रू’ हे संथ गाणं येतं: दुःख विसरलं जात नाही, त्यातून फक्त पार व्हावं लागतं. माझ्या मते त्याने गेल्या वीस वर्षांत लिहिलेल्या चांगल्या गाण्यांपैकी हे एक. अल्बममधलं सगळंच त्या तोडीचं नाही, हेही सांगायला हवं. ‘रेडी टू रोअर’सारखं गाणं नॅशव्हिलचे वादक झोपेतही वाजवतील, आणि थोडं तसंच वाजलंय.

‘लास्ट लीफ ऑन द ट्री’मध्ये कॅनन नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आलेला ‘द बॉर्डर’ कॅननबरोबरचाच होता, म्हणजे फारकत वगैरे काही नव्हती. पण या अल्बमचा प्रोड्युसर विलीचा धाकटा मुलगा मायका नेल्सन. मायका ‘पार्टिकल किड’ या नावाने स्वतःचं विक्षिप्त संगीत करतो आणि २०२४ साली नील यंगच्या क्रेझी हॉर्स या बँडबरोबर दौऱ्यावर होता. त्यामुळे गाण्यांच्या निवडीत रॉकची बाजू इतकी जड का, हे कळतं. बरीचशी वाद्यं त्याने स्वतः वाजवली आहेत. डॅनियल लॅनॉइसची पेडल स्टील गिटार आहे, आणि विलीजवळ अर्थातच ट्रिगर: १९६९ साली घेतलेली, नायलॉनच्या तारांची मार्टिन गिटार, जिच्या लाकडाला वाजवून वाजवून भोक पडलंय. ‘लास्ट मॅन’मध्ये ट्रिगर बँडच्या घोळक्यातली एक आहे, इथे तिच्याभोवती मोकळी जागा आहे.

शीर्षकगीत टॉम वेट्स आणि कॅथलीन ब्रेनन यांचं, मूळ २०११चं. शरद ऋतूने बाकीची पानं नेली, हे एक हलायला तयार नाही. थट्टा इथेही आहे, पण ती वेट्सची, आणि विली ती जराही पुढे करत नाही. ओळी साध्या ठेवून देतो. दुसऱ्याचे शब्द त्याच्या तोंडी काय होतात हे ऐकायचं तर ‘कीप मी इन युअर हार्ट’ लावा. वॉरन झीव्हनला फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाल्याचं कळल्यावर त्याने घाईघाईने एक अल्बम पूर्ण केला. हे त्यातलं शेवटचं गाणं. अल्बम २००३च्या ऑगस्टमध्ये आला, दोन आठवड्यांनी झीव्हन गेला, वय छप्पन्न. मूळ रेकॉर्डिंगमध्ये वेळ संपत आल्याची धग आहे. त्याहून पस्तीस वर्षांनी मोठा माणूस तेच मागणं गातो तेव्हा ती धग जाते. थोडी आठवण ठेवा, ती ठेवली नाहीत तरी चालेल, असं काहीतरी उरतं. शब्द एकही बदललेला नाही.

बेकचं ‘लॉस्ट कॉज’ २००२चं, प्रेमभंगाचं. ते इथे प्रेमभंगाचं राहत नाही. नेमकं कशाचं होतं हे प्रत्येक ऐकणारा वेगळं सांगेल. नील यंगचं ‘आर यू रेडी फॉर द कंट्री’ घेताना मात्र वेलनची आठवण येणारच, कारण १९७६ साली त्याने ते स्वतःच्या अल्बमचं शीर्षक केलं होतं. पहिल्या अल्बममध्ये वेलन नावानिशी येतो, दुसऱ्यात असा आडून.

फ्लेमिंग लिप्स या रॉक बँडचं ‘डू यू रियलाइझ’ मला जमलेलं वाटत नाही. मूळ गाणं ओळखीचे सगळे एक दिवस मरणार हे लहान मुलाच्या उत्साहात सांगतं, आणि त्या विसंगतीवरच ते उभं आहे. एक्क्याण्णवाव्या वर्षी तेच म्हणणं ही बातमी राहत नाही.

गाणाऱ्याचा अल्बम, लिहिणाऱ्याचा अल्बम ही वाटणी अगदी काटेकोर नाही. ‘लास्ट लीफ’मध्ये मायकाचं एक गाणं आहे, बापलेकांनी मिळून लिहिलेलं एक, आणि शेवटी ‘द घोस्ट’ हे विलीचं स्वतःचं जुनं गाणं. वेट्स, यंग आणि झीव्हनच्या रांगेत तरुण विलीचं गाणं ठेवलं की तेही एखाद्या दुसऱ्या गीतकाराकडून मागून आणल्यासारखं ऐकू येतं. मायकाची ही मांडणी हुशारीची आहे.

आवाज? २०१८च्या आवाजात अजून खोडकरपणाला लागतो तेवढा दम आहे, ओळीचं शेपूट उडवायची ताकद आहे. २०२४मध्ये श्वास ऐकू येतो, ओळी लहान तुकड्यांत येतात, आणि मायकाने ते झाकलेलं नाही. त्या वर्षी जूनमध्ये आजारपणामुळे विलीचे काही कार्यक्रम चुकले होते, ४ जुलैला तो पुन्हा मंचावर आला. उशिरा ओळ उचलायची त्याची साठ वर्षांची सवय इथे कामी येते: थांबणं दमल्यामुळे आहे की नेहमीची लकब, ते ओळखता येत नाही.

कुठला आधी ऐकावा? कंट्री नवीन असेल तर ‘लास्ट मॅन’, कारण त्यात ठेका आहे, माउथ ऑर्गन आहे, विनोद लगेच कळतो. रॉक ऐकून वाढलेल्याने ‘लास्ट लीफ’पासून सुरुवात केली तर अर्धी गाणी आधीच ओळखीची निघतील. माझा कौल दुसऱ्याला. मात्र त्याला निरोपाचा अल्बम समजू नका. २०२५च्या एप्रिलमध्ये गीतकार रॉडनी क्रॉवेलच्या गाण्यांचा पुढचा अल्बम आलाही, पुन्हा कॅननबरोबर.

शोधताना एक काळजी घ्या. नुसतं ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ टाकलं तर रॉक अँड रोल गायक जेरी ली लुइसचा २००६चा अल्बमही समोर येईल. तो वेगळा: एल्विस, कार्ल पर्किन्स आणि जॉनी कॅश गेल्यावर सन रेकॉर्ड्स कंपनीच्या गायकांच्या चौकडीतला उरलेला एकटा म्हणून लुइसने ते नाव घेतलं, आणि गाणी सगळी युगुलगीतं. त्यातल्या एका युगुलगीतात दुसरा आवाज विली नेल्सनचा आहे, म्हणजे तिथेही गल्लत व्हायला वाव आहेच.