व्यक्तीची घडण : साहित्यात आणि प्रत्यक्षात

व्यक्तीची घडण म्हणजे अंगावर पडलेली जबाबदारी आणि वाट्याला आलेले हाल यांतून माणसाच्या स्वभावात, निर्णयशक्तीत आणि इतरांशी असलेल्या नात्यांत होणारा टिकाऊ बदल. साहित्यसमीक्षा या बदलाकडे पात्राचा विकास म्हणून पाहते; मानसशास्त्र आणि समाजशास्त्र त्याचा विचार प्रौढत्व व संकटात तगून राहण्याची क्षमता या अंगांनी करतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या समजुतीमुळे घडणीचे बहुतेक श्रेय हालांनाच दिले जाते. कादंबऱ्या आणि दीर्घकाळ चाललेली संशोधने शेजारी ठेवून वाचली, तर त्यातला मोठा वाटा जबाबदारीकडे जातो. नुसत्या हालांनी माणूस पुष्कळदा झिजतो. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते आहे हे उमगले, की तो बदलू लागतो.

जुन्या कथांतले संकट ही मुख्यतः परीक्षा असते. नायक तावून सुलाखून निघतो, पण आत जाताना होता तोच बाहेर येतो. त्याचे मूळचे तेज तेवढे जगाला दिसते. कसोटीची कथा आणि घडणीची कथा यांतला हा फरक रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिन यांनी १९३०च्या दशकात मांडला. घडणीच्या कथेत नायक हीच बदलती राशी असते आणि काळ त्याच्या आतून वाहतो. महाकाव्यांत मात्र ही रेघ नेहमी इतकी स्वच्छ नसते. महाभारतातला युधिष्ठिर बारा वर्षांचा वनवास, एक वर्षाचा अज्ञातवास आणि अठरा दिवसांचे युद्ध एवढे सगळे भोगून येतो, आणि शांतिपर्वाच्या आरंभी म्हणतो की राज्य नको, वनात जातो. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण त्याची समजूत घालतात. अभिषेक झाल्यावरही त्याला शरशय्येवरच्या भीष्मांकडे जाऊन राजधर्म विचारावा लागतो. भोगणे संपल्यावर त्याचे खरे शिकणे सुरू होते, आणि तेही राज्य गळ्यात पडल्यामुळे.

घडणीच्या कादंबरीला 'बिल्डुंग्सरोमान' हे नाव कार्ल मॉर्गेनश्टर्न यांनी १८२०च्या सुमारास दिलेल्या व्याख्यानांतून आले. ते रूढ केले विल्हेल्म डिल्टाय यांनी. या प्रकाराचा नमुना मानली जाणारी जर्मन साहित्यिक गटेची विल्हेल्म माइस्टरच्या उमेदवारीची, म्हणजे शिकाऊपणाच्या काळाची, कादंबरी त्याआधीच, १७९५–९६ मध्ये, प्रसिद्ध झाली होती. व्यापाऱ्याचा हा मुलगा नाटकमंडळींत रमतो, प्रेमात ठेचा खातो, भलत्या माणसांवर विश्वास टाकतो. इतके टक्केटोणपे खाऊनही त्याची उमेदवारी संपत नाही. फेलिक्स हे मूल आपलेच आहे हे त्याला कळते, तेव्हा कुठे 'तुझी उमेदवारी संपली' असे त्याला सांगितले जाते. पितृत्वाच्या जाणिवेबरोबर त्याला नागरिकाचे सारे गुण लाभले, अशी गटेची त्यावर टिप्पणी आहे. ती जरा घाईची वाटते, कारण पुढच्या पानांतही विल्हेल्म गोंधळलेलाच असतो. पण बोट योग्य जागी ठेवले आहे.

चार्ल्स डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६०–६१) हेच अधिक सूक्ष्मपणे घडते. पिपचे बालपण मारझोडीत गेलेले, पण त्यातून त्याला येते ती लाज. अचानक पैसा मिळतो आणि ज्या जो लोहाराने त्याला सांभाळले त्याचीच त्याला शरम वाटू लागते. आपला पैसा मॅग्विच नावाच्या फरारी कैद्याकडून आला हे कळल्यावर तर त्याला त्या माणसाची शिसारी येते. तरीही त्याला लपवणे, देशाबाहेर काढणे हे काम पिपवरच येऊन पडते. बेत फसतो, मॅग्विच जखमी होऊन पकडला जातो आणि पिप होडीत त्याच्या शेजारी जाऊन बसतो. आता ही जागा सोडायची नाही, असे ठरवतो. पुढे तुरुंगातल्या आजारीखोलीत तो रोज जातो, त्याचा हात हातात घेऊन बसतो. संपत्ती सरकारजमा होणार हे त्याला ठाऊक असते, पण मॅग्विचला तो ते कळू देत नाही. पिप मोठा होतो तो इथे.

ही वाट सगळ्या पात्रांना मोकळी नसते. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीतील यमूची समज पानोपानी वाढते, पण पतीच्या मृत्यूनंतर स्वतःविषयी काही ठरवण्याचा अधिकारच तिला उरत नाही. हाल आहेत, शहाणपण आहे, ते वापरायला जागा नाही. अधिकाराशिवाय आलेल्या ओझ्याला जबाबदारी म्हणणे ही फसवणूकच आहे, आणि स्त्रीपात्रांच्या कथा वाचताना समीक्षेने हे बरेच उशिरा ध्यानात घेतले.

लेखकाचे स्वतःचे आयुष्य आणि त्याचे पात्र यांतले अंतर डिकन्स यांच्याच बाबतीत मोजता येते. १८२४ मध्ये, बाराव्या वर्षी, ते बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागले. त्याच सुमारास वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले. बरणीवर आधी तेलकट कागद, मग निळा कागद, वर दोरा, कडा कातरून सारख्या करायच्या आणि चिठ्ठी चिकटवायची, हे त्यांचे काम. आठवड्याचा पगार सहा-सात शिलिंग. तो आठवडाभर पुरावा म्हणून त्याच्या सहा सारख्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वाराचे नाव घालून हा मुलगा त्या खणात ठेवी. हिशेबीपणा असा अंगी आला. सोबत आलेली जखम मात्र बुजली नाही: वडील सुटल्यावरही त्याला पुन्हा कामावर धाडावे असे आईचे मत होते, आणि ते आपण कधी विसरलो नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये (१८४९–५०) हा प्रसंग रूप बदलून आला. मूळ हकिकत वाचकांना कळली ती त्यांच्या मृत्यूनंतर, जॉन फॉर्स्टर यांच्या चरित्रातून.

सामान्य माणसांविषयीचा सर्वांत बोलका पुरावा ग्लेन एल्डर यांच्या १९७४च्या अभ्यासात सापडतो. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील, १९२०–२१ मध्ये जन्मलेल्या १६७ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ही मुले कळती असताना महामंदी आली. ज्या घरांची मिळकत फार घटली, तिथले मुलगे बाहेर मिळेल ते काम करू लागले, मुलींनी घर उचलले. यांतली बरीच मुले पुढे कर्तबगार निघाली. घरात त्यांची खरोखरच गरज होती, आणि ती गरज भागवण्याइतकी ती मोठी होती. बर्कली येथे १९२८–२९ मध्ये जन्मलेल्या मुलांना त्याच मंदीने वेगळे वागवले. ती तेव्हा अगदी लहान होती. हातभार लावण्याचे वय नव्हते, घरातली भांडणे आणि बापाचा त्रागा तेवढा वाट्याला आला. विशेषतः मुलग्यांवर त्याचा वाईट परिणाम पौगंडावस्थेतही दिसत होता.

हवाई बेटसमूहातील कावाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. गरिबी, आईवडिलांचे आजार, घरातली बेबंदशाही अशा अनेक अडचणी एकत्र आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले धडधाकट, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी वारंवार आढळल्या: भरवशाचे निदान एक मोठे माणूस, आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखे नेमून दिलेले काम. उरलेल्या दोन तृतीयांशांकडे प्रेरक कथा लिहिणारे सहसा वळत नाहीत. संकटाशिवायही घडण होते, हे वेगळेच. विबके ब्लाइडॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६२ देशांतील माहिती तपासली, तेव्हा जिथे तरुण लवकर नोकरीला लागतात तिथे त्यांच्या स्वभावात प्रौढपणाही लवकर दिसू लागतो, असे आढळले.

'दुःखाने मला घडवले' हे माणसाचे स्वतःविषयीचे विधान पुरावा म्हणून कितपत धरावे, यावर वाद आहे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९६ मध्ये आघातोत्तर वाढ मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली तयार केली आणि ती जगभर वापरली गेली. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांची मोजणी आघाताच्या आधी आणि नंतर अशी दोनदा केली. लोकांना जाणवलेली वाढ आणि दोन मोजण्यांतला फरक यांचा फारसा मेळ बसला नाही. प्रथमपुरुषी निवेदकाची कादंबरी वाचतानाही हा सावधपणा हवा, कारण तोही शेवटी पोचल्यावरच मागचे सगळे सांगत असतो.

ओझे वयाला न झेपणारे असेल तर जबाबदारीही माणसाला मोडते. आईवडिलांनी मुलालाच आपला आधार बनवण्याच्या या स्थितीचे विवेचन कौटुंबिक उपचारांच्या क्षेत्रात इव्हान बोसोर्मेनी-नॉज आणि जेराल्डिन स्पार्क यांनी १९७३ मध्ये केले. असे मूल बाहेरून पोक्त दिसते, शिक्षक त्याचे कौतुक करतात, आणि त्यामुळेच मदत त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. काम वयाजोगे आहे का, ते मूल करते आहे याची घरात कोणाला कदर आहे का, आणि थकल्यावर ते खाली ठेवता येते का, हे उपचारक अशा वेळी आधी तपासतात.