पँथिऑनच्या घुमटाला भेगा आहेत

रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या दारापाशी थोडा वेळ उभे राहिले की एखादा गाइड आपल्या गटाला हमखास सांगताना ऐकू येतो, की घुमटाच्या माथ्यावर आठ-नऊ मीटर रुंदीचे उघडे छिद्र असूनही पाऊस आत येत नाही, कारण मेणबत्त्यांनी तापलेली हवा वर चढते आणि थेंबांना बाहेरच थोपवते. ऐकणारे माना डोलावतात. त्यांच्या पायांखालची फरशी मात्र मधोमध किंचित फुगीर आहे आणि पाणी निघून जावे म्हणून तिला बावीस छिद्रे पाडलेली आहेत. दोन मिलिमीटर जाडीचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. त्याला अडवायचे तर तितक्याच वेगाचा वारा सतत वर वाहायला हवा, आणि तसा तो वाहिलाच असता तर आधी त्या मेणबत्त्याच विझल्या असत्या.

या वास्तूबद्दलचा दुसरा समज अधिक सुशिक्षित आहे. रोमन काँक्रीटमधील चुन्याचे पांढरे खडे भेगांत पाणी शिरताच विरघळतात आणि भेग बुजवतात, असे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पँथिऑन याच ‘प्राचीनांना ठाऊक असलेल्या रहस्या’मुळे टिकून आहे, असे समाजमाध्यमांवर फिरते आहे. संशोधन उत्तम आहे. पण त्यातील नमुने प्रिव्हेर्नम या नगराच्या तटभिंतीचे होते आणि प्रयोगशाळेत बुजलेल्या भेगा अर्ध्या मिलिमीटरच्या होत्या. चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली की राखेतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावून पाण्यातही घट्ट होणारा बंध तयार करतात, हे रसायन आपल्याकडे चुन्यात सुरखी कालवणाऱ्या गवंड्यांच्याही हाताखालचे होते. केवळ मिश्रणाच्या जोरावर ४३.३ मीटर व्यासाचा घुमट, आत लोखंडाची एकही सळई नसताना, इसवी सन १२५ च्या सुमारापासून उभा राहत नाही.

तो कसा उभा आहे हे पाहण्यासाठी रबरी चेंडू मधोमध कापून अर्धा भाग टेबलावर पालथा घालावा आणि वरून दाबावा. माथ्याजवळचा भाग आत दबतो, पण खालची कड बाहेर पसरते. घुमटाचे स्वतःचे वजन हेच काम अहोरात्र करत असते. अर्धगोल घुमट म्हणजे एकावर एक रचलेली आडवी कडी आहेत अशी कल्पना केली, तर वरच्या कड्यांवर सर्व बाजूंनी दाब असतो आणि ती आवळली जातात. सर्वत्र सारख्या जाडीच्या घुमटात माथ्यापासून सुमारे ५२ अंश खाली आले की स्थिती उलटते आणि तिथून पुढच्या कड्यांना वजन बाहेर ओढू लागते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याच्या जेमतेम दशांशाइतका. आजचा अभियंता त्या जागी सळया घालतो, आणि पुढे त्या सळया गंजल्या की स्लॅबचे पोपडे पडू लागतात. पँथिऑनमध्ये गंजायला सळईच नाही; त्यामुळे ताण आला तेव्हा घुमट सरळ तडकला. पायथ्याकडून वर गेलेल्या उभ्या भेगांची नोंद १९३० च्या दशकातील तपासणीत झालेली आहे.

मला या वास्तूतले सर्वांत आवडते ते यानंतरचे. भेगांमुळे घुमटाच्या खालच्या भागाच्या सोललेल्या संत्र्यासारख्या फोडी झाल्या, आणि प्रत्येक फोड समोरच्या फोडीशी मिळून एक कमान बनली. कमानीत ताणाची गरजच नसते, फक्त दाब असतो. माथ्याशी या सगळ्या कमानी एकमेकींना जिथे रेटतात तिथे छिद्राभोवतीचे विटांचे कडे तो रेटा पेलते, म्हणून मधले भोक हा कच्चा दुवा ठरत नाही. कमानींचे पाय बाहेर सरकू पाहतात, त्यांना सुमारे सहा मीटर जाडीची गोल भिंत धरून ठेवते. मुळात ओझेच कमी राहावे यासाठी घुमटाची जाडी पायथ्याशी सुमारे सहा मीटर आणि छिद्राजवळ सव्वा मीटरच्या आत ठेवली आहे. मिश्रणातली खडीही उंचीनुसार बदलली आहे: पायात जड ट्रॅव्हर्टाइन दगड, त्यावर टफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड आणि विटांचे तुकडे, अगदी वर पाण्यावर तरंगणारा प्यूमिस. आतून दिसणारे १४० चौकोनी खोलगट खण डोळ्यांना सुखावतात. वजन कमी करण्यातला त्यांचा वाटा मात्र आपण समजतो त्यापेक्षा बेताचाच आहे.

दर्शनी पट्टीवर ‘अग्रिप्पाने बांधले’ असे कोरलेले आहे, तेही शब्दशः घेऊ नये. अग्रिप्पा या रोमन सेनापतीचे मंदिर जळून गेले होते. आजच्या इमारतीच्या विटांवरील शिक्के तिचा काळ ट्राजान-हेड्रियन या सम्राटांच्या राजवटीत नेऊन ठेवतात. इसवी सन ६०९ मध्ये तिचे चर्च झाले आणि वापर कधी थांबला नाही.

बाहेर पडल्यावर बाजूच्या गल्लीतून मागे जावे. तिथे भिंतीत विटांच्या मोठ्या कमानी उघड्या दिसतात, ज्या वरचे ओझे आतल्या कोनाड्यांना टाळून भरीव भागांवर उतरवतात. घुमट मात्र आतून दिसला त्याच्या निम्माही उंच वाटत नाही, कारण त्याच्या खालच्या भागावर काँक्रीटच्या पायऱ्यांसारखी कडी एकावर एक चढवलेली आहेत. त्यांचे वजन फोडींच्या कुशीवर नेमके तिथे पडते, जिथे त्या बाहेर फुगू पाहतात.