शिळाप्रेस की हाफटोन: जुन्या छपाईचा बाज नेमका कुठला?

डिजिटल चित्र जुनं दिसावं म्हणून सरसकट हाफटोनचे, म्हणजे जाळीतून पाडलेले, ओळीत बसणारे लहानमोठे ठिपके टाकले जातात. रविवर्मा छापाच्या देवादिकांच्या चित्रावर ते हमखास खटकतात, कारण ती चित्रं त्या तंत्राने छापलेलीच नव्हती.

रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याचा चित्रशाळा छापखाना त्याआधीचा, १८७८चा. काम शिळाप्रेसचं, म्हणजे दगडावरून छपाईचं: बव्हेरियातला चुनखडीचा दगड, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. छटा उतरायची ती कारागिराने तेलकट शाईने हाताने टिपलेल्या बारीक ठिपक्यांतून. म्हणून ते ठिपके ओळीत बसत नाहीत. गालावर विरळ, पदराच्या चुणीत दाट. आधी फिके रंग, मग गडद. दोन रंगांमधल्या वेळात कागद दमट हवेने फुगायचा, त्यामुळे एका कडेला रंग चपखल बसे आणि दुसऱ्या कडेला सरके.

हा बाज हवा असेल तर चित्र आठ ते बारा सपाट रंगांत फोडा, प्रत्येक रंगाचा लेयर मल्टिप्लायवर (खालचा रंग शाईसारखा दिसू देणाऱ्या मिश्रणावर) ठेवा आणि छटा विस्कळीत ठिपक्यांच्या ब्रशने भरा. लेयर नुसता सरकवू नका, एका कडेपासून १००.१ टक्के ताणा. २५ सेंटिमीटर रुंदीत दुसऱ्या कडेला पाव मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढा पुरे.

हाफटोनची गोष्ट निराळी. जर्मनीत माइझेनबाखने १८८२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे चार रंगांची छपाई आली आणि प्रत्येक रंगाच्या जाळीला स्वतःचा कोन मिळाला: सायन (आकाशी) १५, मॅजेंटा (किरमिजी) ७५, पिवळा ०, काळा ४५ अंश. स्वस्त मासिकाच्या कागदाचा भास हवा असेल तर चारही रंगांचे चॅनल वेगळे करून १२०० पीपीआयला (इंचाला १२०० पिक्सेल), इंचाला ६५ रेघांच्या जाळीने बिटमॅप (नुसतं काळं-पांढरं) करा. मग मॅजेंटा १० ते १४ पिक्सेल सरकवा. कोन एकच ठेवले तर ठिपके एकमेकांवर चढतात आणि रंग गढूळ होतो. तयार फाइल नंतर लहान केली की मोअरेच्या, म्हणजे ठिपक्यांतून उमटणाऱ्या नको त्या नक्षीच्या, लाटा उठतात. म्हणून अंतिम आकार आधी ठरवा, जाळी शेवटी घाला.

कागदाचा पिवळेपणा दोन्हींत सगळ्यांत खालच्या लेयरवर. वरून फासला तर शाईही पिवळी पडते आणि लबाडी लगेच कळते.