कलम ४२ (हाँगकाँग राष्ट्रीय सुरक्षा कायदा)

हाँगकाँगच्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातील जामिनासंबंधीची तरतूद. आरोपी राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोचवणारी कृत्ये यापुढे करणार नाही, असे मानण्यास न्यायाधीशाला पुरेसा आधार दिसत नसेल, तर जामीन द्यायचा नाही, असे ती सांगते. फुटीरता, राज्यसत्ता उलथवणे, दहशतवादी कृत्ये आणि परकीय शक्तींशी संगनमत हे या कायद्यातील चार गुन्हे असून कमाल शिक्षा जन्मठेप आहे. चर्चा बहुधा जन्मठेपेची होते. शहराच्या राजकारणावर खरा घाव घातला तो कलम ४२ ने, कारण त्याचा परिणाम गुन्हा शाबीत होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

हा कायदा हाँगकाँगच्या विधान परिषदेने केलेला नाही. बीजिंगमधील राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेच्या (चीनच्या संसदेच्या) स्थायी समितीने तो ३० जून २०२० रोजी संमत केला आणि त्याच रात्री ११ वाजता तो लागू झाला. सहासष्ट कलमांचा मजकूर शहराला तेव्हाच पहिल्यांदा वाचायला मिळाला.

ब्रिटिश वळणाच्या तेथील फौजदारी प्रक्रियेत जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद होता. आरोपी पळून जाईल, पुन्हा गुन्हा करील किंवा साक्षीदारांवर दबाव आणील असे मानण्यास ठोस कारण असेल, तरच कोठडी. अंतिम अपील न्यायालयाने, म्हणजे हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयाने, ९ फेब्रुवारी २०२१ रोजी, ‘ॲपल डेली’ या वृत्तपत्राचे संस्थापक जिमी लाय यांच्या प्रकरणात, या क्रमाआधी आणखी एक पायरी बसवली. आधी कलम ४२ ची कसोटी. ती पार झाली तरच नेहमीचे निकष पाहायचे. पहिल्या पायरीवर पुराव्याचा भार कोणावरच नाही, सारे न्यायाधीशाच्या अंदाजावर. खटल्यात पुरावा म्हणून चालणार नाही असे साहित्यही येथे विचारात घेता येते. याच निकालाने सांगितले की मूलभूत कायद्याशी (हाँगकाँगच्या छोटेखानी राज्यघटनेशी) विसंगत ठरवून या सुरक्षा कायद्याची तरतूद रद्द करण्याचा अधिकार हाँगकाँगच्या न्यायालयांना नाही. शिवाय अशी प्रकरणे ऐकणारे न्यायाधीश मुख्य कार्यकारी, म्हणजे शहराचे प्रशासनप्रमुख, एकेका वर्षासाठी नेमतात (कलम ४४).

मराठी वाचकाला येथे यूएपीएचे कलम ४३ड(५) आठवेल. भीमा कोरेगाव प्रकरणात ते घरोघरी माहीत झाले. फरक मोलाचा आहे. भारतात न्यायाधीश आरोप सकृतदर्शनी खरा वाटतो का, हे पाहतो, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीकडे. हाँगकाँगमध्ये त्याला आरोपीच्या पुढच्या वागण्याबद्दल खात्री हवी असते, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुरावा आरोपीने आणायचा कुठून? खटला लांबला तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १ फेब्रुवारी २०२१ रोजी, हाँगकाँगच्या निकालाच्या आठच दिवस आधी.

प्रत्यक्षात काय होते, ते ४७ जणांच्या खटल्यात दिसले. जुलै २०२० मध्ये लोकशाहीवादी पक्षांनी विधान परिषदेच्या निवडणुकीचे उमेदवार निवडण्यासाठी अनौपचारिक मतदान घेतले. सहा लाखांहून अधिक लोक आले. बहुमत मिळवून अर्थसंकल्प नाकारायचा, ही योजना सरकारी पक्षाने सत्ता उलथवण्याचा कट ठरवली. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी आरोप ठेवले गेले. मार्चमधील जामीन सुनावणी चार दिवस चालली. पहिल्या दिवशी मध्यरात्र उलटून गेली आणि थकव्याने काही आरोपींना रुग्णालयात हलवावे लागले. पंधरा जणांना जामीन मंजूर झाला, पण सरकारी पक्षाने लगेच फेरविचाराचा अर्ज केल्याने तेही तूर्त आतच राहिले. विधान परिषदेच्या एका माजी सदस्येला जामीन नाकारताना परदेशी पत्रकारांशी व्हॉट्सॲपवर झालेला संवाद आधाराला घेतला गेला. ज्यांना जामीन मिळाला त्यांच्यावर अटी होत्या: पारपत्र जमा करणे, ठाण्यात हजेरी, परदेशी अधिकाऱ्यांशी संपर्क नाही, निवडणूक लढवणे नाही. म्हणजे राजकारण सोडणे हीच जामिनाची किंमत. जामीन सुनावणीचा तपशील छापण्यावरही कायद्याने मर्यादा आहेत, त्यामुळे नकाराची कारणे बाहेर उशिरा येतात.

खटल्याची सुनावणी ६ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, ज्यूरीविना, तीन न्यायाधीशांपुढे. सत्तेचाळीसपैकी ३१ जणांनी गुन्हा कबूल केला. १४ दोषी ठरले, दोन सुटले. कबुलीने शिक्षा घटते आणि दोन वर्षे कोठडीत गेलेली असतात, हे लक्षात घेतल्याशिवाय कबुलीचा आकडा वाचू नये.

डिसेंबर २०२१ मध्ये अंतिम अपील न्यायालयाने हीच कसोटी ब्रिटिशकालीन राजद्रोहाच्या गुन्ह्यालाही लावली. त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तेव्हा, पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्यासाठी, दोनच वर्षे होती. मेंढ्यांच्या गोष्टींची मुलांची चित्रपुस्तके काढणाऱ्या पाच वाचोपचारतज्ज्ञांना (स्पीच थेरपिस्टना) याच गुन्ह्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये १९ महिन्यांची शिक्षा झाली. तोवर वर्षाहून अधिक काळ ते कोठडीतच होते.

२३ मार्च २०२४ पासून स्थानिक सुरक्षा अध्यादेश (शहराचा स्वतःचा सुरक्षा कायदा) लागू आहे. आरोप ठेवण्यापूर्वीची ४८ तासांची कोठडी न्यायालयाच्या परवानगीने आणखी १४ दिवस वाढवता येते, राजद्रोहाची कमाल शिक्षा सात वर्षे झाली, परकीय शक्तींशी संगनमत असल्यास दहा. चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी एक तृतीयांश सूटही राष्ट्रीय सुरक्षेच्या गुन्ह्यांतील कैद्यांना सहसा मिळत नाही. ४७ जणांच्या खटल्यातील चार माजी सदस्य एप्रिल २०२५ च्या शेवटी सुटले. त्यांची शिक्षा चार वर्षे दोन महिन्यांची होती, आणि आरोप ठेवल्याच्या दिवसापासून मोजली तर ती पूर्ण भरते.