उपनिबंधक की सहकार न्यायालय? सोसायटीच्या दंडाविरुद्ध नेमकं कुठे जायचं

सोसायटीने दंड लावला की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येतं: "रजिस्ट्रारकडे तक्रार करतो." मग पाच पानी अर्ज लिहिला जातो, उपनिबंधक (डेप्युटी रजिस्ट्रार) कार्यालयात पोच घेतली जाते, तारखा पडतात. शेवटी पत्र येतं, की हा वाद सहकार कायद्याच्या कलम 91 खाली येतो, सहकार न्यायालयात दाद मागावी. तोवर बिलात दंडावर व्याज चढलेलं असतं आणि सभासदाचा धीर सुटलेला असतो. बाजू खरी असूनही माणसं केवळ दार चुकल्यामुळे हरतात, हे मला फार लागतं.

दोन्ही व्यवस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधूनच आल्या आहेत, म्हणून गोंधळ होतो. पण कामं वेगळी आहेत. उपनिबंधक हा प्रशासकीय अधिकारी. सोसायटी कायद्याप्रमाणे चालते की नाही, एवढं तो पाहतो: सभा झाली का, हिशेब झाले का, निवडणूक झाली का, सभासदाला कागद मिळाले का. सहकार न्यायालयात न्यायाधीश बसतात. तिथे पुरावा होतो, उलटतपासणी होते, आणि सभासद बरोबर की सोसायटी, याचा निवाडा होतो. दंड योग्य की अयोग्य हा प्रश्न निवाड्याचा आहे.

आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीत, तक्रार कुठे न्यायची याची यादीच दिली आहे, आणि ती फार थोडे लोक उघडून पाहतात. कागदपत्रांच्या प्रती न देणं, चेक न स्वीकारणं, 30 सप्टेंबरपूर्वी वार्षिक सभा न घेणं, जादा नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिल्यावरची आकारणी) किंवा जादा ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करतानाची रक्कम) मागणं, हे उपनिबंधकाकडे. कमिटीचे आणि सर्वसाधारण सभेचे ठराव, पार्किंग, गळती व दुरुस्ती, असमान पाणीपुरवठा, सभासदाकडून जादा वसुली, हे सहकार न्यायालयाकडे. आणि कमिटीने उपविधींखाली जास्तीचा दंड लावला असेल, तर त्या यादीत या तक्रारीसमोर नाव आहे सर्वसाधारण सभेचं. म्हणजे दंडाच्या बाबतीत पहिली पायरी या दोघांपैकी कुणीच नाही.

उदाहरण घेऊ. पाहुण्यांच्या जागेत दुसरी गाडी लावली म्हणून कमिटीने रोज 500 रुपये दंड ठरवला. महिनाअखेरीस मेंटेनन्सच्या बिलात दंडाचे 15,000 रुपये आले. तुम्ही ठरावाची प्रत मागितली, सेक्रेटरींनी दिली नाही. तुम्ही फक्त मेंटेनन्सचा चेक नेला, तर "दंडासकट भरा" म्हणून परत केला.

इथे तक्रारी तीन आहेत आणि त्यांची दारंही वेगळी. आधी दंड घ्या. आदर्श उपविधींनुसार कमिटीने आधी लेखी कळवायचं असतं, तरीही उल्लंघन चालू राहिलं तर कारणे दाखवा नोटीस द्यायची असते. त्यानंतर सभासदाचं म्हणणं ऐकून दंडाचा निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यायचा असतो. रकमेलाही मर्यादा आहे: एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त 5,000 रुपये. नोटीस नाही, सभा नाही, सुनावणी नाही आणि आकडा तिप्पट, अशा दंडाचा पाया कच्चा आहे. मात्र आदर्श उपविधी आपोआप लागू होत नाहीत. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारून नोंदवून घेतले आहेत ते आधी पाहा. वाद तुमच्या सोसायटीच्या नोंदणीकृत प्रतीवरच लढला जाईल.

म्हणून आधी कमिटीला लेखी तक्रार द्या. तारीख घाला, पोच घ्या. कमिटीने ती पुढच्या सभेत ठेवून पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सर्वसाधारण सभेत विषय मांडा. कमिटी सभा घेत नसेल, तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभेची मागणी करता येते. सभेनेही दंड कायम ठेवला, तर त्या ठरावाविरुद्ध सहकार न्यायालय. तिथे निकाल लागेपर्यंत वसुलीला अंतरिम स्थगितीही मागता येते. खर्च येतो, वकील लागतो, वेळ जातो, हे खरं. विरुद्ध निकाल लागला तर दोन महिन्यांत सहकारी अपिलीय न्यायालयात जाता येतं.

उरलेल्या दोन तक्रारी, म्हणजे न दिलेली प्रत आणि परत केलेला चेक, सरळ उपनिबंधकाच्या. त्यांचा अर्ज एका पानाचा पुरतो: कधी मागितलं, कुणाकडे मागितलं, पोच सोबत जोडली आहे, प्रत द्यायचे निर्देश व्हावेत. त्यात दंडाची कैफियत घातली, की अख्खा अर्जच कलम 91 कडे ढकलायला कारण मिळतं. माझं ठाम मत आहे की दंडाच्या वादात उपनिबंधकाचा खरा उपयोग कागद मिळवण्यापुरता करावा. त्याच्या निर्देशावरून हाती आलेलं इतिवृत्त पुढे न्यायालयात सगळ्यात मोठा पुरावा ठरतं. दंडाचा ठरावच इतिवृत्तात नसेल, तर सोसायटी काय दाखवणार?

उपनिबंधकाचं दार सोसायटीलाही उघडं असतं, हे विसरू नका. थकबाकीसाठी सोसायटी कलम 154ब-29 खाली त्याच्याकडून वसुली दाखला, म्हणजे सक्तीने वसुली करण्याचा अधिकार देणारा कागद, घेऊ शकते. त्यामुळे रागाच्या भरात मेंटेनन्सच बंद करणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. तीन महिने देणी थकली की तुम्ही थकबाकीदार ठरता, कमिटीची निवडणूक लढवायचा हक्क जातो, आणि वादाचा विषय बदलून "हे पैसे भरत नाहीत" असा होतो. वादग्रस्त दंड वगळून बाकीचं बिल वेळेवर भरा. चेक घेत नसतील तर सोसायटीच्या बँक खात्यात ऑनलाइन जमा करा आणि त्याच दिवशी पत्र द्या: अमुक रक्कम मेंटेनन्सची, दंड मान्य नाही, तो यात धरू नये. व्याजही तपासा. आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याजच आहे, चक्रवाढ नाही.

हे सगळं नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेपुरतं. तुमची इमारत 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल, तर कलम 91 आणि आदर्श उपविधींच्या भरवशावर राहू नका. तुमच्यासाठी आधी डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारं घोषणापत्र) आणि त्याला जोडलेले उपविधी वाचावे लागतील.