टँकर आल्याची वर्दी

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. कधी सकाळी सहाला, कधी रात्री अकराला. तो आला की अर्धा तास नळाला पाणी सोडतात, तेवढ्यात बादल्या-पिंपं भरली तर भरली. पूर्वी वॉचमनकाका शिट्टी मारायचे. ती सी विंगला ऐकू जायची नाही आणि त्यावरून प्रत्येक मीटिंगमध्ये भांडण. सोसायटीचं ॲप मीच लिहिलेलं, त्यामुळे कमिटीने माझ्याकडे बघितलं. "टँकर आला की सगळ्यांचे फोन वाजले पाहिजेत. तुझ्यासाठी काय, दोन मिनिटांचं काम!"

दोन मिनिटांचं नव्हतं, पण दोन महिन्यांचंही झालं नाही, कारण मी बाहेरच्या एका कंपनीचं तयार टूलकिट, म्हणजे आयता लिहिलेला कोड, ॲपमध्ये बसवलं. ते बसवताना जे दिसलं, ते ॲप न बनवणाऱ्यांनाही कळायला हवं, कारण अशी टूलकिट तुमच्या फोनमधल्या बऱ्याच ॲपमध्ये बसलेली असतात.

आधी मूळ प्रश्न. टँकर आला हे फोनला कळतं कसं? सरळ उपाय म्हणजे ॲपने दर मिनिटाला सर्व्हरला विचारायचं, "आला का?" "नाही." "आला का?" "नाही." यात बॅटरीचा जीव जातो. मोबाइलचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, एकदा जागा झाला की चार बाइट पाठवून लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या आशेने काही सेकंद तो जास्त वीज खात जागाच राहतो. साठ ॲप दर मिनिटाला विचारू लागली तर त्याला झोप मिळणारच नाही.

म्हणून ॲपलने 2009 च्या जूनमध्ये आयफोनसाठी आणि गूगलने 2010 मध्ये अँड्रॉइडसाठी एक वेगळी सोय काढली. फोन आणि ॲपलच्या किंवा गूगलच्या सर्व्हरमध्ये एकच जोडणी उघडी ठेवायची. एरवी तिच्यावरून काहीच जात नाही, अधूनमधून 'मी आहे' एवढी खूण. फोनमधली सगळी ॲप हीच जोडणी वापरतात. प्रत्येक फ्लॅटने आपला वॉचमन ठेवायचा नाही. गेटवर एकच माणूस आणि एकच इंटरकॉम. गूगलच्या या सोयीचं आजचं नाव फायरबेस क्लाउड मेसेजिंग, 2016 पासूनचं.

कोणत्या फ्लॅटला फोन लावायचा हे कळतं टोकनवरून. टोकन म्हणजे अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. तिच्यात तुमचं नाव नसतं, नंबर नसतो. ॲप काढून पुन्हा टाकलं की ती बदलते, जुनी निकामी होते. आमच्या यादीत पहिल्याच महिन्यात अशी मेलेली टोकनं बरीच साठली.

आणि संदेश केवढा? आज कमाल चार किलोबाइट. सुरुवातीला ॲपलची मर्यादा सगळी वेष्टनं धरून 256 बाइटची होती. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, काना-मात्रा-अनुस्वारालाही वेगळे तीन. 'टँकर आला' एवढं म्हणायला 22 बाइट. त्या काळी मराठीत नोटिफिकेशन लिहिणाऱ्याला तार करणाऱ्यासारखं शब्द मोजून लिहावं लागलं असतं.

मग टूलकिट काय करतं? संदेश ते पोचवतं असा लोकांचा समज असतो (कमिटीचाही होता). तसं नाही. संदेश शेवटी ॲपल किंवा गूगलच्याच जोडणीवरून जातो. टूलकिट करतं ती सगळी कारकुनी: टोकनांची वही ठेवणं, मेलेली टोकनं खोडणं, ॲपल आणि गूगलच्या दोन वेगळ्या तऱ्हा सांभाळणं, चित्र जोडणं, कोणी संदेश उघडला ते मोजणं. शिवाय एक वेब पान देतं, म्हणजे सेक्रेटरी मला न उठवता स्वतः संदेश टाकू शकतात. या कारकुनीवर मोठे धंदे उभे आहेत. मुंबईत सुरू झालेल्या क्लेव्हरटॅप आणि वेबएंगेज या कंपन्या त्यातल्याच. चीनमध्ये तर अशा किटशिवाय भागतच नाही. तिथल्या फोनवर गूगलची सेवा नसते, हुआवे, शाओमी, ओप्पो यांची आपापली जोडणी असते, आणि त्या सगळ्या एका दोरीत बांधायच्या असतात.

बसवायला खरंच सोपं. ॲप कशाकशापासून बनवायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये किटचं नाव आणि आवृत्ती अशी एक ओळ, ॲप सुरू होतं तिथे दोन ओळी, झालं. शनिवारी दुपारी माझ्या फोनवर 'टँकर आला' वाजलं आणि मी खूश होऊन झोपलो.

रविवारी तक्रार आली. टँकरचं वाजतंय, पण 'गेटवर पाहुणे आलेत' हे वाजणं बंद झालंय. ते मी पूर्वीच स्वतः लिहिलेलं होतं. गडबड अशी की अँड्रॉइडमध्ये फायरबेसचा संदेश ॲपमधल्या कोडच्या एकाच भागाच्या हाती पडतो. आता हक्क सांगणारे दोघे झाले होते, माझा कोड आणि किटचा, आणि संदेश किट घेत होतं. उपाय साधा: दारात एकच माणूस उभा करायचा. त्याने चिठ्ठी बघायची, पाहुण्यांची असेल तर ठेवून घ्यायची, बाकीच्या किटकडे द्यायच्या.

हे शोधताना मी एक फाइल उघडली, जी एरवी कोणी उघडत नाही. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपचं एक मॅनिफेस्ट असतं. त्यात ॲपला कोणत्या परवानग्या लागतात ते लिहितात. बाहेरचं किट आपलं मॅनिफेस्ट घेऊन येतं, आणि ॲप तयार होताना दोन्ही आपोआप एकत्र होतात. त्या एकत्र झालेल्या मॅनिफेस्टमध्ये मी न लिहिलेल्या ओळी होत्या. व्हायब्रेशन, ठीक. फोन चालू झाल्याचं कळणं, तेही ठीक. आणि लोकेशन. टँकर कुठे आहे ते कळायला हवं होतं, सभासद कुठे आहेत ते नव्हे. एका ओळीत ती परवानगी काढता आली, पण फाइल उघडली नसती तर तशीच राहिली असती.

किट वेगळ्या खोलीत राहत नाही, ते तुमच्याच ॲपच्या पोटात आणि तुमच्याच हक्काने चालतं. ते पडलं की ॲप पडतं. 2020 च्या मे आणि जुलैमध्ये फेसबुकच्या किटमुळे आयफोनवरची स्पॉटिफाय, टिंडरसारखी ॲप उघडताच बंद पडत होती. त्या ॲपवाल्यांनी काही बदललंच नव्हतं, बदल फेसबुकच्या बाजूला झाला होता. आणि किटवाल्याने दुकानच बंद केलं तर? पार्स नावाची अशी लोकप्रिय सेवा फेसबुकने 2013 मध्ये विकत घेतली आणि 2017 च्या जानेवारीत बंद केली. वर्षभर आधी सांगितलं होतं, तरी हजारो ॲपना बिऱ्हाड हलवावं लागलं.

आमची खरी फजिती मात्र अगदी साध्या कारणाने झाली. सेक्रेटरी चार दिवस गावी गेले होते, तिथे रेंज नाही. परतीच्या वाटेवर घाटात रेंज आली आणि फोन लागोपाठ पाच वेळा वाजला: टँकर आला, टँकर आला. फोन संपर्कात नसेल तर गूगल संदेश जपून ठेवतं, काही सांगितलं नाही तर चार आठवडे. मी काहीच सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक संदेशाला तीस मिनिटांचं आयुष्य दिलंय. त्याचबरोबर प्राधान्यही वाढवलं, कारण टेबलावर निवांत पडलेला अँड्रॉइड फोन गाढ झोपी जातो आणि साधे संदेश पुन्हा जाग येईपर्यंत मागे ठेवतो. सरकारने 2023 मध्ये चाचणीसाठी सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजवले होते, ते तंत्र याहून वेगळं. तो टॉवरवरून सरसकट सोडलेला संदेश, टोकन नाही की इंटरनेट नाही. ती शिट्टी, हा इंटरकॉम.

एक गोष्ट किटच्या हातात नाही. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन दाखवायची परवानगी प्रत्येक ॲपला मागावी लागते. आयफोनवर ती पहिल्यापासून आहे. किटने ॲप उघडताच पहिल्याच क्षणी ती मागितली, इंग्रजी चौकटीत. जाहिरात समजून नऊ घरांनी 'नको' दाबलं. अँड्रॉइडवर दोनदा नकार दिला की चौकट पुन्हा येतच नाही, आयफोनवर तर एकदाच. पुढच्या आवृत्तीत मी आधी मराठीत विचारलं, "टँकर आल्यावर फोन वाजवू का?" आणि 'हो' म्हटल्यावरच ती चौकट दाखवली. पण त्या नऊ घरांत जाऊन सेटिंग मलाच बदलून द्यावं लागलं. तीन ठिकाणी चहा झाला, एका ठिकाणी प्रिंटरही बघून दिला.