कोड-स्वीकृतीचे वाद (मुक्त स्रोत सॉफ्टवेअर)

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो. मात्र केलेला बदल मूळ प्रकल्पात घ्यायचा की नाही, हे तो प्रकल्प सांभाळणारे लोक, म्हणजे मेंटेनर, ठरवतात. या निर्णयावरून कोड पाठवणारा आणि मेंटेनर यांच्यात, कधी मेंटेनरांच्या आपापसांत, जे तंटे होतात त्यांना कोड-स्वीकृतीचे वाद म्हणता येईल. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांच्या बोलण्यात हा सगळा विषय ‘पीआर मर्ज झाला का?’ एवढ्या प्रश्नात मावतो. पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, आपला बदल सामावून घ्यावा अशी विनंती. लिनक्स या मुक्त स्रोत कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, अजूनही पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा तुकडा, ई-मेलनेच पाठवले जातात.

बहुतेक वादांच्या मुळाशी एक गैरसमज असतो. परवान्याने कोड नेण्याची मोकळीक मिळते, आणून ठेवण्याचा हक्क मिळत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजवावे लागत नाही. शेजाऱ्याने काडी फुकट दिली म्हणून तो ती डॉगरिजच्या खुंटावर भरत नाही. कलम धरले की पुढे वर्षानुवर्षे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणी-भुरीच्या फवारण्या त्यालाच कराव्या लागतात. काडी देणारा तोवर कुठे असेल, कोण जाणे. मेंटेनर नव्या कोडकडे याच नजरेने पाहतो. कोड आज चालतो का, हे तो पाहतोच. पण दोन वर्षांनी तो बिघडला तर दुरुस्तीला कोण बसणार, याची त्याला जास्त काळजी असते.

कॉन कोलिव्हास यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. ऑस्ट्रेलियातले हे भूलतज्ज्ञ हौसेने कर्नलचे काम शिकले. संगणकावर भार असतानाही पडदा अडखळू नये म्हणून त्यांनी शेड्युलर लिहिला. कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा, हे शेड्युलर ठरवतो. २००७ मध्ये त्यांचा शेड्युलर आत जाईल असे वाटत असतानाच कर्नलवर काम करणारे इंगो मोलनार यांनी सीएफएस हा नवा शेड्युलर मांडला आणि कर्नलच्या २.६.२३ या आवृत्तीत तोच घेतला गेला. सर्वांना न्याय्य वाटा देण्याच्या कल्पनेचे श्रेय मोलनार यांनी कोलिव्हास यांना दिले होते. तरी कोलिव्हास यांनी काम सोडले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दिलेले कारण देखभालीचेच होते: तक्रार घेऊन येणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याची अडचण सोडवणारा माणूस त्यांना हवा होता. हे कारण पटण्यासारखे आहे. पण कल्पना घेतली गेली आणि माणूस बाहेर राहिला, ही सल त्याने जात नाही. २००९ मध्ये कोलिव्हास नवा शेड्युलर घेऊन परतले. या वेळी तो मुख्य कर्नलमध्ये जावा असा त्यांचा आग्रहच नव्हता.

उलट दिशेचे उदाहरण रिअल-टाइम पॅचचे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या, संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या सीएनसी यंत्रांसारख्या कामात आज्ञा ठरल्या क्षणी पोचलीच पाहिजे. उशीर झाला तर जॉब, म्हणजे यंत्रावर लावलेला नग, वाया जातो. लिनक्सला ही शिस्त लावणाऱ्या पॅचवर सुमारे वीस वर्षे काम चालले. थॉमस ग्लाइक्सनर आणि सहकाऱ्यांनी एकगठ्ठा कोड पुढे न रेटता त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकडा सर्वांच्या उपयोगाचा करून दाखवला आणि एकेक आत नेला. सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचा भाग ६.१२ या आवृत्तीसाठी स्वीकारला गेला. एवढी चिकाटी पगाराच्या आधाराशिवाय टिकणे अवघड, हेही नोंदवले पाहिजे. घरी बसून फावल्या वेळेत काम करणाऱ्याकडून वीस वर्षांची अपेक्षा धरता येत नाही.

कधी वाद कोडचा नसून वेळेचा असतो. कर्नलमध्ये नव्या गोष्टी घेण्याची खिडकी दोन आठवडे उघडी असते. नंतर फक्त दुरुस्त्या चालतात. बीकॅशेएफएस ही फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या हे सांभाळणारा कोड, कर्नलच्या ६.७ या आवृत्तीत आत आली, पण खिडकी मिटल्यावरही त्यात नवे काम पाठवले जाते यावरून खटके उडत राहिले आणि २०२५ मध्ये ती ६.१८ साठी कर्नलमधून काढली गेली.

तडजोड होत नसेल तर फोर्क, म्हणजे वेगळी चूल. जीसीसी या कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सुधारणा आत जायला फार वेळ लागतो म्हणून १९९७ मध्ये काहींनी ईजीसीएस नावाने वेगळे काम सुरू केले. ते इतके पुढे गेले की १९९९ मध्ये त्यालाच अधिकृत जीसीसी मानण्यात आले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत २०१८ साली एका नव्या चिन्हाचा प्रस्ताव मंजूर झाला, पण त्यावरच्या वादाने थकून भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. नकार मिळालेल्यालाच त्रास होतो असे नाही. होकार देणाराही भाजून निघतो.

मेंटेनरवरचा ताण किती धोक्याचा ठरू शकतो, हे एक्सझेड या फाइली आटोपशीर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात दिसले. ‘पॅच लवकर घ्या, जमत नसेल तर दुसऱ्याला सोपवा’ असा लकडा अनोळखी नावांनी एका एकट्या मेंटेनरमागे लावला. मदतीला आलेल्या व्यक्तीला अधिकार मिळाले आणि मार्च २०२४ मध्ये त्याच व्यक्तीने त्या कोडमध्ये लपवलेली चोरवाट सापडली. त्यामुळे ‘एवढा उशीर का?’ हे विचारताना दहादा विचार करावा.

नाशिकमधून पहिला पॅच पाठवणाऱ्याच्या अडचणी मात्र वेगळ्या असतात. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करतो आणि उत्तर येते दोन शब्दांचे. ते तुटक इंग्रजी त्याला अपमान वाटते. बहुतेकदा ती फक्त कामाची भाषा असते. खरा घाव घालते ते मौन. नकाराला कारण असते, त्यावर काम करता येते. महिनोन्‌महिने उत्तरच न येणे माणसाला परत फिरवते. दुसरी बाजूही आहे. मुक्त स्रोत प्रकल्पांना हातभार लावण्यासाठी ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या मोहिमेत २०२० साली चार पीआरवर टी-शर्ट मिळत होता; त्यापायी प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसडलेल्या विनंत्यांचा इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलावे लागले. त्यात भारतातल्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता आणि त्याची किंमत इथल्या प्रामाणिक मुलांनाही मोजावी लागली.

आपल्या भाषेपुरता एक वाद नेहमीचा आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले, पण अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचे असतात. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात एकाच फॉन्टात दोन्ही आकार ठेवून भाषेप्रमाणे निवडण्याची सोय आहे. मराठी न वाचणाऱ्या मेंटेनरला मात्र यात दोष दिसतच नाही. अक्षर वाचता येते, मग बिघडले काय? अशा वेळी दोन्ही आकारांची चित्रे, शासन निर्णयाचा संदर्भ, चाचणीसाठी चार शब्द आणि पुढच्या तक्रारी आपण पाहू असे लेखी आश्वासन, एवढे सोबत जोडलेला छोटा पॅच लांबलचक तक्रारीपेक्षा अधिक ऐकला जातो.